भूत नको, घाबरणारा बघ

प्रिय मंदार,

पत्र मिळालं. "नाटकात चांगला रमला होतास, आता रात्र रात्र भुताचे सिनेमे काय बघत बसतोस? आणि त्यातले बरे कुठले ते तरी सांग," असं लिहिलंयस. पहिलं वाक्य टोमणा आहे हे कळलं. दुसऱ्याचं उत्तर मात्र लांबणार आहे, तेव्हा निवांत बस.

सध्या एका भयपटात काम करतोय. भूमिका छोटी नाही, पण तिचा निम्मा भाग नुसता घाबरण्याचा आहे. कोणाला घाबरायचं, तर स्टँडवर चिकटवलेल्या पिवळ्या टेपच्या तुकड्याला. भूत नंतर कंप्यूटरवर येणार. दिग्दर्शक म्हणतो, "अजून घाबर." अजून म्हणजे किती? डोळे मोठे करण्यालाही हद्द असते रे. म्हणून मी माझे आवडते सिनेमे पुन्हा काढले आणि या वेळी आवाज पूर्ण बंद करून बघितले. भयपटात संगीत फार लबाडी करतं. नट नुसता उभा असतो आणि आपण घाबरतो ते व्हायोलिनला. आवाज काढून घेतला की कोण खरोखर काम करतंय ते उघडं पडतं.

'सायको'पासूनच सुरुवात केली. १९६० चा, हिचकॉकचा. न्हाणीघरातला तो खून संगीतकार बर्नार्ड हर्मनच्या व्हायोलिनांशिवाय बघितला, तर संकलनाची करामत दिसते, धडकी भरत नाही. गंमत म्हणजे हिचकॉकला त्या प्रसंगाला संगीतच नको होतं. हर्मननं ऐकलं नाही म्हणून वाचलो. आणि नॉर्मनचं, म्हणजे खुन्याचं काम करणारा अँथनी पर्किन्स, ज्याला जग त्या प्रसंगासाठी ओळखतं, तो त्याच्या चित्रीकरणाला हजरच नव्हता. न्यू यॉर्कला नाटकाच्या तालमी करत होता. त्याच्या जागी सुरी घेऊन दुसरंच कोणीतरी उभं होतं.

पण नंतरचा एक प्रसंग बघ. नॉर्मन खून झालेल्या बाईची गाडी दलदलीत ढकलतो आणि काठावर उभा राहून ती बुडताना बघतो. तोंडात काहीतरी चघळतोय, एखादं पोरगं गोळ्या खात जत्रा बघतं तसा. गाडी अर्धी बुडते आणि थांबते. त्याचं चघळणं थांबतं. मान जराशी इकडे, जराशी तिकडे. मग गाडी पुन्हा खाली जायला लागते आणि जबडा पुन्हा हलायला लागतो. बस, एवढंच. त्या दोन-चार सेकंदांत आपणही श्वास रोखून "बुड एकदाची" असं मनात म्हणतो, म्हणजे खून लपवणाऱ्याच्या बाजूनं जाऊन बसतो. ते गोळ्या चघळणं पर्किन्सच्याच डोक्यातून आलं होतं. तेव्हा त्याचं वय २७. त्या बाईचं काम करणाऱ्या जॅनेट लीला ऑस्करचं नामांकन मिळालं, याला तेही नाही. मला अजून राग येतो.

'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) आवाजाशिवाय निम्मा होतो, आणि ते साहजिक आहे. झपाटलेल्या मुलीच्या, लिंडा ब्लेअरच्या, तोंडून येणारा सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅकेम्ब्रिज या बाईंचा होता. उरतो तो मुलीच्या आईचा चेहरा, एलन बर्स्टिनचा. एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाणारी, दर वेळी थोडी अधिक विझलेली आई. मान फिरवण्याच्या प्रसंगापेक्षा मला इस्पितळातली तपासणी जास्त भीतीदायक वाटते. तिथे भूत नाहीच, यंत्रं आहेत आणि काचेपलीकडची माणसं. एक गोष्ट मात्र पटत नाही. एका प्रसंगात बर्स्टिनला दोरीनं मागे खेचलं, तिच्या पाठीला कायमची दुखापत झाली आणि ती खरी किंकाळी सिनेमात ठेवली. लोक हे कौतुकानं सांगतात. मला त्यात कौतुक दिसत नाही. माणसाला खरंच दुखवून मिळवलेल्या किंकाळीला अभिनय म्हणायचं, तर आमची गरजच काय?

यावरून 'द शायनिंग' (१९८०). तू म्हणशील, नवऱ्याच्या कामातला जॅक निकल्सन. सगळेच म्हणतात. मी म्हणतो बायकोचं काम करणारी शेली ड्युवल. ती तेव्हा इतकी नावडली की वर्षातल्या वाईट कामांना चिडवणाऱ्या रॅझी पुरस्कारात तिला सर्वात वाईट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. २०२२ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं, एकेचाळीस वर्षांनी! जिन्यावरचा प्रसंग काढ. नवरा एकेक पायरी वर येतोय, ती मागे सरकत बॅट फिरवतेय. ती बॅट कशी धरलीय बघ. मारायला नव्हे, माशी हाकलायला धरावी तशी. हिनं आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही हे त्या मनगटांवरून कळतं. हिरॉइन दिसण्याचा मोह तिनं पूर्ण सोडलाय: नाक वाहतंय, तोंड वेडंवाकडं झालंय. लोकांना ते बघवलं नाही आणि दोष अभिनयाला दिला. बाकी, त्यात त्यांच्या मुलाचं काम करणाऱ्या छोट्या डॅनीला आपण भयपटात काम करतोय हे चित्रीकरण चालू असताना सांगितलंच नव्हतं.

'गेट आउट' (२०१७) मध्ये मोलकरीण झालेली बेटी गॅब्रिएल मिनिटभराच्या एका प्रसंगात अख्खा सिनेमा खिशात घालते. ओठांवर हसू, तोंडानं "नाही, नाही" आणि डोळ्यांतून पाणी. एकाच चेहऱ्यात दोन माणसं. मी आरशासमोर करून बघितलं. हसू आलं की पाणी पळतं, पाणी आलं की हसू.

आता 'हेरेडिटरी' (२०१८). टोनी कोलेटच्या जेवणाच्या टेबलावरच्या स्फोटाबद्दल तू वाचलं असशीलच. तो थोरच आहे. पण मी सांगतोय तो प्रसंग तिच्या मुलाचा, अ‍ॅलेक्स वुल्फचा. रात्री गाडी चालवताना काहीतरी भयंकर घडतं. काय ते सांगत नाही. कोणताही नट इथे ओरडेल, रडेल, मागे वळून बघेल. हा बसून राहतो. स्टिअरिंगवर हात, नजर समोर. मागच्या सीटकडे नजर वळायला लागते आणि तो ती तिथेच अडवतो, कारण बघितलं तर ते खरं होईल. मग गाडी सुरू करतो, घरी जातो आणि अंथरुणात शिरतो. सकाळी आईला कळतं तेव्हाही कॅमेरा आईकडे जात नाही, याच्याच चेहऱ्यावर थांबतो. मी आवाज बंद ठेवला होता, तरी आई कुठल्या क्षणी किंचाळली ते मला कळलं. पिवळ्या टेपचं उत्तर मला इथे सापडलं. समोर काय आहे याची कल्पना करत बसण्यापेक्षा आपण काय बघायचं टाळतोय ते ठरवावं. दुसऱ्या दिवशी सेटवर मी टेपकडे बघायचं सोडून बुटाच्या नाड्या बांधत राहिलो. दिग्दर्शक काही बोलला नाही, पण टेक ठेवला.

आणि आता हसू नकोस: यादीत 'झपाटलेला' (१९९३) आहे. भयपट नाही, मान्य. पण लहानपणी तात्या विंचूनं किती जणांना पलंगाखाली बघायला लावलं ते आठव. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, हे सगळं थोरच. माझा मुद्दा लक्ष्याचा आहे. समोर नुसता बाहुला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे त्याच्याशी जिवंत माणसाशी बोलावं तसा बोलतो, त्याच्या उत्तराची वाट बघतो, दचकतो. तो खरा घाबरतो म्हणूनच आपण हसतो आणि म्हणूनच बाहुला जिवंत होतो. टेपसमोर उभं राहायला लागल्यापासून त्या माणसाबद्दलचा आदर दुप्पट झालाय.

'लपाछपी' (२०१७) साठी वेगळं पत्र लिहीन. पूजा सावंतनं त्यात गरोदर बाईचं ओझं शेवटपर्यंत चालण्यात ठेवलंय, आणि उसाच्या फडात भर उजेडातही जीव घाबरतो. शोबना या अभिनेत्रीचा 'मणिचित्रताळ' (१९९३) मूळ मल्याळममध्ये बघ, हिंदीतल्या नकलेवर, 'भूलभुलैया'वर, थांबू नकोस. तिला राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला.

तुझ्यासाठी क्रम असा: आधी 'सायको', मग 'गेट आउट', मग 'शायनिंग'. 'हेरेडिटरी' सुट्टीच्या दिवशी, दुपारी. पहिल्यांदा आवाजासकटच बघ, माझं वेड लगेच अंगाला लावून घेऊ नकोस. वहिनींना बरोबर बसवणार असशील तर जबाबदारी तुझी.

तुझाच,
ओंकार

ता. क. 'तुंबाड' (२०१८) राहिलाच. त्यातली ती भयानक म्हातारी आजी आठवते? ती आणि शेवटच्या भागातला पांडुरंग, दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच पोरानं केली आहेत. पुन्हा बघ आणि डोळ्यांवरून ओळखू येतो का ते कळव. मला नाही आला.