ही जागा सपाट कोणी केली?

प्रिय दादा,

आमच्या मुक्कामाच्या पाच जागा नकाशावर तपासताना तुम्ही दोन खोडल्यात आणि शेजारी एवढंच लिहिलंत, "ही जागा सपाट कोणी केली?" त्या एका ओळीचे आभार मानायला हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण निर्जन डोंगरात तंबू ठोकणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल.

डोंगरात सपाटी फुकट मिळत नाही. ओढा घळीतून बाहेर पडतो तिथे पंख्यासारखी पसरलेली, तंबूला अगदी आयती वाटणारी जागा पुरानेच आणलेल्या गाळगोट्यांची असते. डोक्यावर चांदणं असलं तरी वर कुठेतरी जोराचा पाऊस झाला की पाणी तिथूनच येणार. कोरड्या पात्राचंही तेच. झुडपांत अडकलेला काडीकचरा कमरेच्या उंचीवर असेल, तर पाणी निदान तेवढं चढलं होतं.

कड्याखाली दगड हातात घेऊन बघा, म्हणालात. दगडफूल चढलेला, अर्धा मातीत रुतलेला दगड जुना. धारदार कडा, ताजा फिकट रंग आणि खाली दबलेलं अजून हिरवं गवत दिसलं, तर तो नुकताच वरून आलाय, पुढचाही येईल. बर्फाळ भागात 30 ते 45 अंशांच्या उताराखाली थांबायचंच नाही. झाडांच्या फांद्या फक्त चढाच्या बाजूने मोडलेल्या असतील, तर ती हिमलोटाची वाट.

धारेवर वीज, खिंडीत वारा, हे माहीत होतं. दरीच्या तळाचं मात्र लक्षात आलं नव्हतं. रात्री थंड, जड हवा उतरून तिथेच साचते आणि सकाळी तंबू आतूनही ओला मिळतो. तळापेक्षा थोडा वरचा टप्पा बहुतेकदा उबदार आणि कोरडा असतो.

पाण्यापासून 60 मीटर, म्हणजे साधारण 80 पावलं लांब राहायचं. अंधारात पाणी आणायला जिवावर येतं, खरंय; उजेडातच दोन बाटल्या जास्त भरून ठेवाव्यात. वाळक्या झाडापासून त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर. आणि तंबू उघडण्याआधी मॅट टाकून पाच मिनिटं आडवं व्हायचं: डोकं चढाकडे, अंगाखाली खळगा नको. खळग्यात पावसाचं पाणी साचतं, तंबू कितीही महागाचा असो.

तिसऱ्या आणि चौथ्या मुक्कामांत 800 मीटरचा फरक होता. 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, म्हणून तुम्ही चौथा खाली आणलात. दिवसा वर जाऊन या, झोपायला खाली या, हे आता पाठ झालंय.

शोध सूर्यास्ताच्या दोन तास आधी सुरू. हात लांब करून सूर्य आणि समोरची डोंगरधार यांच्यामध्ये चार आडवी बोटं मावली, तर साधारण तासाभराचं ऊन उरलंय. मोजायचं ते धारेपर्यंत. दरीत सूर्य क्षितिजाची वाट बघत नाही.

पर्यायी जागा शक्यतो मागे ठेवायची, हेही पटलं. मागची जागा उजेडात पाहिलेली असते, पुढची फक्त नकाशावर.

नव्या नकाशात पाच मुक्काम आणि पाच पर्यायी जागा आहेत. सवड मिळेल तसं लाल पेन चालवा.

तुमचे ऋणी,
नकाशा पाठवणारे आम्ही सगळे