दिवे का बंद केले, ते सांगते

चांडलर, ॲरिझोना
४ ऑगस्ट

ती. आई व आप्पा यांना,
सा. न.

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. "वादळात गाडीचे दिवे बंद? कोणी शिकवलं तुला हे?" म्हणून आप्पा एवढ्या जोरात ओरडले की आईने फोन काढून घेतला आणि विषय थेट लोणच्यावर नेला. बत्तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला फोनवर समजावणं माझ्याच्याने होणार नाही, म्हणून लिहायला बसले. आप्पा, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. ऑपरेशननंतर डोळ्यांना ताण द्यायचा नाहीये, विसरू नका.

आधी कबुली. आई, "थोडं वारं सुटलं होतं" असं मी म्हणाले ते खोटं होतं. पिंट्याने तुला व्हॉट्सॲपवर धुळीच्या वादळाचा, भिंतीसारखी माती चालून येते तो व्हिडिओ दाखवला ना, जवळपास तसंच होतं. शुक्रवारी कामाहून परतताना मी त्यात सापडले. मला काही झालं नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. आता पुढचं निवांत वाचा.

टक्सन ते फिनिक्स हा आय-टेन नावाचा हमरस्ता आहे, सुमारे १८५ किलोमीटरचा. मधला बराचसा भाग सपाट वाळवंट आणि शेतं. आप्पा, त्या शेतांत काय असतं माहितीये? कापूस. पहिल्यांदा बोंडं दिसली तेव्हा मी गाडी थांबवून फोटो काढले होते. पण २०२२ पासून इथल्या शेतकऱ्यांचं कोलोरॅडो नदीच्या कालव्याचं पाणी तुटलं, नदीच आटत चाललीये म्हणून. मग कितीतरी रानं पडीक राहिली. वर पीक नाही, खाली ओल नाही, सुटी भुगा माती. वाऱ्याला आणखी काय लागतं?

आणि हे वारं आपल्या वावटळीसारखं नसतं. आपली वैशाखातली वावटळ तापल्या जमिनीवरून गरगरत वर चढते, घटकाभर पाचोळा नाचवते आणि विरते. इथलं वारं वरून पडतं. ढगातून पाऊस निघतो, पण खालची हवा इतकी कोरडी की तो वाटेतच वाळतो. वाळताना हवा गार होते, जड होते आणि धाडकन खाली येते. भरलेली बादली अंगणात उपडी केली की पाणी कसं चहूकडे पळतं, तशी ती हवा जमिनीवर पसरत पळते आणि पुढ्यातली सगळी माती उचलून घेते. याला हबूब म्हणतात, शब्द अरबी आहे. ५ जुलै २०११ ला फिनिक्सवर आला तो मैलभर उंच आणि शंभरेक मैल रुंद होता. ऑफिसातले जुने लोक अजून त्याच्या गोष्टी सांगतात, आपल्याकडे तापीच्या पुराच्या सांगतात तशा. गंमत म्हणजे या हंगामाला इथेही मान्सूनच म्हणतात, १५ जून ते ३० सप्टेंबर. फिनिक्सला या साडेतीन महिन्यांत पाऊस पडतो सरासरी साठेक मिलिमीटर! आपल्याकडे एका रात्रीत तेवढा पडतो आणि आपण त्याला नुसता "बरा झाला" म्हणतो.

तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला पिकाचो डोंगराचा सुळका मागे टाकला आणि उजव्या हाताला क्षितिजावर तपकिरी पट्टी दिसली. मला आधी डोंगरच वाटला. मग लक्षात आलं, डोंगर तर मागे राहिला. तेवढ्यात फोन कर्कश कोकलला, धुळीच्या वादळाचा सरकारी इशारा. रस्त्याच्या त्या भागात दहा मैलांच्या टप्प्यात धूळ ओळखणारी यंत्रं बसवलीत. एरवी ७५ मैलांची वेगमर्यादा दाखवणाऱ्या पाट्या आपोआप उतरत जातात, ३५ पर्यंत. पाट्या उतरल्या, माणसं कुठे उतरतात! मीही त्यातलीच. पुढच्या फाट्यापर्यंत पोचू, असंच मलाही वाटलं.

नाही पोचले. आधी ऊन पिवळं झालं, मग हळदीचं तांबडं व्हावं तसं सगळं तांबूस, आणि पुढचा रस्ता गेला. फक्त पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे दिसत होते. त्यांनाच धरून मी मिनिटभर चालवली.

आप्पा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका मिनिटात आहे. पुढचा माणूस कडेला जाऊन थांबला असता आणि त्याने दिवे चालू ठेवले असते, तर मला तो रस्त्यावर चालणारा वाटला असता. मी त्याच्या मागे मागे रस्ता सोडला असता आणि सरळ त्याच्यात घुसले असते. माझ्या मागचा माझ्यात. इथे मोठे अपघात नेमके असे झालेत. म्हणून इथल्या रस्ते खात्याचं सांगणं आहे: रस्ता सोडून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, सगळे दिवे बंद करा, चारी इंडिकेटरसुद्धा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवरचा पाय काढा, पट्टा सोडू नका आणि गाडीतच बसून राहा. २०१२ पासून ते हेच घोकून घेताहेत, "पुल असाइड, स्टे अलाइव्ह". ब्रेकवरचा पाय का, तर पाय ठेवला की मागचे लाल दिवे पेटतात.

मी उजवीकडे उतरले (इथे सगळं उलट, गाडी उजवीकडून चालते), डांबर सोडून, खडी सोडून, झुडपांपर्यंत. खरी पंचाईत पुढे झाली. दिव्यांचं बटण 'ऑटो'वर, म्हणजे अंधार पडला की गाडी स्वतःच दिवे लावते. अंधार तर पडलाच होता. मी बटण फिरवतेय, समोरचं हिरवं चिन्ह काही जात नाही. शेवटी इंजिनच बंद केलं तेव्हा गेलं. आणि पाय! डोकं म्हणतंय काढ, पाय ब्रेक सोडायला तयार नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून उचलला, खरंच सांगते.

मग नुसतं बसणं. बॉनेटसुद्धा दिसत नव्हतं. काचांवर वाळूचा आवाज, आई, तू सुपात ज्वारी पाखडतेस तसा. एक मोठा ट्रक शेजारून गेला. तो दिसला नाही, गाडी हलली तेव्हा कळलं.

मला तेव्हा काय आठवावं? गच्चीवरचे बिबडे, आपले ज्वारीचे पापड. खाटेवर जुनं लुगडं अंथरून वाळत घातलेले, सातपुड्याकडून काळं आलेलं आणि तू खालून ओरडतेस, "ताई, टोकं धर, टोकं!" मी दोन टोकं धरली, उरलेली दोन वाऱ्याने धरली. पुढे आठवडाभर शेजारच्या निंबावर बिबडे सापडत होते आणि कावळ्यांची चंगळ. गाडीत एकटीच हसले.

घड्याळाने बावीस मिनिटं. मग चिखलाचे थेंब पडले, मग साधा पाऊस.

आप्पा, तुमचा नियम चूक नाही. रस्ता सोडायला जागाच नसेल, पुलावर असू तर, इथेही हेच सांगतात: दिवे लावा, रस्त्यावरची मधली रेघ धरा, हळू चला, हॉर्न वाजवा. थांबलेल्या गाडीला दिवा नको, चालत्या गाडीला हवा. आणि रस्त्याच्या मधोमध मात्र कधीच थांबायचं नाही.

आई, खोकल्याचं विचारत होतीस. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिच्याने व्हॅली फीवर होतो. बहुतेकांना काहीच होत नाही, कुणाला फ्लूसारखा ताप-खोकला येतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. खोकला टिकला तर डॉक्टरकडे जाईन, शपथ.

आता माझी पाळी. आप्पा, चैत्र-वैशाखात दुपारनंतर मोटारसायकलवर शेतात जाणं बंद करा. आणि वादळ आलंच तर बाभळीखाली उभं राहू नका, होर्डिंगखालीही नाही.

एक विचारायचंय. शहाद्याहून शेवटची गाडी आणताना तुम्ही एकदा वादळात अडकला होता. आई म्हणते, तुम्ही कंडक्टरला बॅटरी देऊन गाडीपुढे चालवलं होतं. खरं का? तेव्हा गाडीत माणसं किती होती, आणि त्यांना काय सांगितलंत? पिंट्याकडून लिहवून पाठवा, फोनवर तुम्ही दोन वाक्यांत उरकता.

तुमची,
ताई

ता. क. गाडीचं एअर फिल्टर बदललं. जुनं झटकून पाहिलं, मूठभर माती निघाली. तांबूस, पिठासारखी बारीक. आपल्यासारखी काळी नाही.