देव बरें करूं, आंटी

आंटी,

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, ठाऊक आहे मला. तुमची कोंकणी रोमी लिपीतली, माझी मराठी देवनागरीतली. नात वाचून दाखवील आणि मध्येच "अजून किती आहे?" म्हणून विचारील. तिला सांगा, थोडंच आहे. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय, कारण तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही हातातला डाव हलवून मला गप्प करता.

2016 चा जून. गोव्यातल्या सासष्टीतला पाऊस मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या नगरला वर्षात पडत नाही एवढा तुमच्या अंगणात आठवड्यात पडला. तुमची मागची खोली मी घेतली ती फक्त सहा महिन्यांसाठी. जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा, कोर्स करायचा, जहाजावर चढायचं, पहिल्या पगारात दादांचं कर्ज फेडायचं. सगळं वहीत लिहून ठेवलं होतं, तारखांसकट. प्रार्थनाही केली होती, पण खरं सांगायचं तर ती सही मागण्यासारखी होती. अर्ज मीच भरला होता, देवाने खाली फक्त सही करायची.

मग ती वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, आकडा कोणता? मी म्हटलं, 21. त्यांनी पान पुन्हा समोर धरलं. मी पुन्हा 21 म्हटलं. त्या पानावर 74 असतो. तांबडा आणि हिरवा ज्यांना वेगळा कळत नाही त्यांनाच तिथे 21 दिसतो. जहाजाच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. उजवीकडून आडव्या येणाऱ्या जहाजाचा तांबडा दिवा दिसला की वाट आपण सोडायची. मला जर तो तांबडा आहे हेच कळणार नसेल, तर डॉक्टर बिचारे काय करतील? पाच मिनिटांत संपलं सगळं. गावी टोमॅटो तोडताना मी कच्चेच तोडतो म्हणून भाऊ का शिव्या द्यायचा, ते मात्र त्या दिवशी कळलं.

आईला मी आठवडाभर सांगितलं नाही. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आणि तिला स्वतःला सगळे रंग नीट दिसतात. तिने तो आपल्या माथी घेतला असता.

तुम्हालाही सांगणार नव्हतो. भिजून आलो आणि मागच्या पायरीवर बसलो. तुम्ही कागद मागितला नाहीत, काय झालं म्हणूनही विचारलं नाहीत. शीत-कडीचं, म्हणजे भात-आमटीचं, ताट आणून पुढ्यात ठेवलंत आणि म्हणालात, "पयलें जेव, मागीर रड." आंटी, त्यानंतरच्या महिन्याभरात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ चांगल्या गोष्टी सांगितल्या. त्यातलं हे एकच वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं.

आमच्या प्रोटेस्टंट मंडळीतल्या भावाबहिणींनी मोबाइलवर बायबलची वचनं पाठवली. सगळ्यात जास्त वेळा आलं ते यिर्मया 29:11, देवाचे संकल्प आपल्या हिताचे असतात ते. वाईट हेतूने कुणी पाठवलं नव्हतं, पण राग येऊन मी एका रात्री तो अख्खा अध्याय वाचून काढला. ते पत्र आहे बाबेलला धरून नेलेल्या लोकांना, आणि अकराव्या वचनाच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षं लिहिलेली आहेत! सत्तर. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बहुतेक परत जाणारच नव्हते. मग त्यांनी करायचं काय? तेही वर पाचव्या वचनात आहे: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं पीक खा. तेवढं मात्र मला कुणी पाठवलं नव्हतं.

संध्याकाळी तुमच्या घरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, व्हायचं. आमच्याकडे माळ जपत नाहीत, म्हणून मी मागच्या खुर्चीवर अवघडून बसायचो. शेवटी तुम्ही एक "आमच्या बापा" माझ्या नावाने म्हणायचात आणि वर जोडायचात, "ह्या भुरग्याक वाट दाखय." नोकरी दे म्हणाला नाहीत, जहाज दे म्हणाला नाहीत. मला तेव्हा ते कमी वाटायचं. तारवट्याची बायको तुम्ही. एवढी वर्षं नवरा बोटीवर, आणि तुमचा देवाशी सौदा असा मोघम?

अल्तारावरच्या गोंयच्या सायबाकडे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरकडे, बोट दाखवून तुम्ही म्हणाला होतात, "होसुद्धा दुसऱ्याच्या जाग्यार आयिल्लो." मला वाटलं, माझी समजूत घालायला रचलेली गोष्ट. नंतर वाचलं तर खरीच निघाली. पूर्वेकडे पाठवायला जेझुइट संघाच्या संस्थापकाने, इग्नाशियसने, निवडला होता त्याचा सोबती बोबादिया. 1540 मध्ये निघायची वेळ आली आणि तो आजारी पडला, म्हणून फ्रान्सिस झेवियर निघाले. 6 मे 1542 ला गोव्यात उतरले. चीनला जायचं त्यांचं फार मनात होतं, तेही राहिलंच. चीनच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावर 1552 च्या 3 डिसेंबरला ते गेले. संतांच्या बाबतीत तुमचं-आमचं जमत नाही हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे. पण बदली माणूस म्हणून आलेला हा मिशनरी मला त्या दिवसापासून जवळचा वाटतो.

आणि मग पोदेर, म्हणजे पाववाले काका. पहाटे तीनला तुम्ही दार वाजवलंत, छत्री हातात दिलीत आणि बॅटरी घेऊन पुढे चालू लागलात. त्यांचा मुलगा नुकताच जहाजावर गेला होता. तुमच्याकडे हे घरोघरी चालतं, पोरं बोटीवर आणि भट्टी बाहेरून आलेल्यांच्या हाती. मला ज्या वाटेने जायचं होतं त्याच वाटेने तो गेला आणि त्याची जागा रिकामी झाली. "हाका दवर," याला ठेवून घे, एवढंच तुम्ही म्हणालात. हा रंग ओळखत नाही, हे पोदेरकाकांना तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. मला ते वर्षभराने कळलं.

कारण पाव भाजला की नाही ते लोक रंगावरून बघतात. काकांनी मला बघायला शिकवलंच नाही. गरम उंडो, तो गोल पाव, उलटा करायचा आणि बोटाच्या पेराने तळावर वाजवायचं. आत पोकळ, ढोलकीसारखा बोलला की झाला. भरलेला, दबका आवाज आला तर परत आत. लाकडाच्या भट्टीला मागे एक कोपरा जास्त तापतो, तोही मी वासावरून धरतो. पाव, पोई, कात्रें, कांकण, प्रत्येकाचा आवाज वेगळा. आता नवीन पोरं मलाच विचारतात.

सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही. वास्कोला गेलो की रात्री मुरगावच्या बाजूला जहाजांचे दिवे दिसतात आणि मी अजून उभा राहतो. त्यातला तांबडा कोणता, हिरवा कोणता, आजही सांगता येत नाही. कधी पोटात कालवतं, कधी नाही. पण ती तारखांची वही मी पुन्हा भरलेली नाही, आणि प्रार्थनेत आता तुमचंच वाक्य उसनं घेतो.

आभाराला तुमच्या भाषेत "देव बरें करूं" म्हणतात. सुरुवातीला मला ती पळवाट वाटायची. केलं माणसाने आणि परतफेड ढकलली देवावर. आता वाटतं, माझ्याकडून फिटणारं नाही हे कबूल करायची ती रीत असावी. त्या महिन्याचं भाडं तुम्ही घेतलं नव्हतं, ते मी विसरलेलो नाही. त्या ताटाचा हिशेब कसा करायचा, ते मात्र अजून सुचलेलं नाही.

देव बरें करूं, आंटी.

रविवारी चर्चमधलं मीस आटोपलं की भट्टीवरून या. चार पोया बाजूला काढून ठेवतो. या खेपेला पैसे पुढे केलेत तर दुपारी जेवायला येणार नाही, सांगून ठेवतो.

तुमच्या मागच्या खोलीतला,
नगरकर