पणजीच्या मळा भागातल्या काकूंना अनावृत आभारपत्र

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज तुमच्याच जिन्यावरून उतरत असताना पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण तोंडावर आभार मानले की तुम्ही चहाचा विषय काढता आणि माझे बोलणे राहून जाते, म्हणून चार लोकांसमोर लिहीत आहे. समूह प्रदर्शनात मी काढलेले तुमचे चित्र भिंतीवर लागलेले पाहिले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सत्तरी तालुक्यातल्या गावातून आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयात शिकायला आले, तेव्हा पणजीत भेटलेल्या घरमालकांनी मी काय करते यापेक्षा रात्री किती वाजता परतते याचीच अधिक चौकशी केली. एकाने तर वडिलांचे पत्र आणायला लावले आणि ते हातात पडल्यावर खोली दुसऱ्याला दिली. पुढे तुमची वरची खोली मिळाली आणि हळूहळू माणसेही मिळाली: कवी, गिटारवाले, नाटकवाले, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत शेवटचा खेळ सुटल्यावर मांडवीच्या काठी सिनेमावरून हमरीतुमरीवर येणारे. त्या रात्रींनी मला घडवले, हे मी नाकारणार नाही. परंतु स्त्रीच्या स्वातंत्र्यावर पहाटेपर्यंत बोलणाऱ्या त्या मंडळींपैकी एकालाही, मला व्यक्तिचित्रासाठी समोर बसणारे माणूस हवे होते तेव्हा, एक दुपार मोकळी सापडली नाही. एका ज्येष्ठ चित्रकारांनी तयारी दाखवली, ती मी रात्री एकटीने त्यांच्या स्टुडिओत यावे या अटीवर. नाही म्हटल्यावर मी गावंढळ ठरले.

त्या सुमारास मी फोंतेन्हासमधल्या फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत वरचेवर जात असे. सांगे येथे १८७० साली जन्मलेले चित्रकार आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांची चित्रे तिथे आहेत, आणि त्यांत त्यांच्या घरातल्या बायका इतक्या निवांत बसलेल्या दिसतात की मला त्यांच्या कौशल्यापेक्षा त्या घराचाच हेवा वाटे. हे मी एकदा तुमच्यासमोर सहज बोलून गेले होते.

गोव्यात माणूस एक वेळ उसने पैसे देईल, पण दुपारची झोप देणार नाही. दुकानांची दारे ओढलेली, गल्लीत कुत्रेही सावलीला पसरलेले, अशा वेळी तुम्ही हुमण-भात जेवून वेताची खुर्ची स्वतः उचलून वर आलात आणि दारातूनच विचारलेत, "सांग गो, खंय बसूं?" साडी बदलली नव्हती आणि मनगटावर खोबऱ्याचा किस तसाच होता. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा दुधी उजेड गालावर पडेल अशी खुर्ची मी लावली. तुम्ही बसलात, आणि पुढे कित्येक दुपारी बसत राहिलात. शेजारच्या वहिनींनी खालून हाक मारली, तेव्हा मान न वळवता तुम्ही सांगितलेत, "आत्ता नको, काम चालू आहे." एकदा बसल्या बसल्या तुमचा डोळा लागला. जाग येताच तुम्ही काही न बोलता हनुवटी आधी होती तिथे नेमकी परत नेलीत. माझ्या कामाला कोणी काम मानल्याचे मी तोवर पाहिले नव्हते. घरी तो नाद होता, कंपूत ती प्रतिभा होती. त्या हनुवटीसाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे.

भाडे थकले तेव्हा तुम्ही काय केलेत, ते इथे लिहीत नाही, कारण तुम्हाला ते आवडणार नाही. एवढेच म्हणते की भलेपणाचा गवगवा करणाऱ्यांपेक्षा, तो आपल्या हातून घडतो आहे याची दखलही न घेणारी माणसे या शहरात अजून आहेत, आणि नव्याने आलेल्या मुलींच्या वाट्याला ती यावीत. व्याख्याने त्यांना पुष्कळ मिळतील.

प्रदर्शन संपले की चित्र तुमच्याकडे येईल. विकत मागणारे एक गृहस्थ भेटले होते, त्यांना नकार कळवला आहे. खिळा देवघराजवळ ठोकायचा की दारामागे, ते तुम्ही ठरवा. नाक मोठे आले आहे ही तुमची तक्रार मला मान्य नाही. ते तसेच आहे.

आपली,
वरच्या खोलीतली