'फायरवायर ते यूएसबी अडॅप्टर' म्हणून विकलेल्या निरुपयोगी आणि कॅमेऱ्याला घातक वस्तूबाबत तक्रार

स्थळ : सांगली
दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : अडॅप्टरचे पैसे परत मिळणे, कॅमेऱ्याची नुकसानभरपाई मिळणे आणि ही वस्तू विक्रीतून काढणे याबाबत.

महोदय,

सांगलीत गणपती पेठेजवळ माझा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. २००१ ते २०१० या काळात आम्ही लग्नं, मुंजी, बारशी मिनीडीव्ही कॅसेटवर शूट केली. त्यातल्या साडेतीनशेच्या आसपास कॅसेट आजही माझ्याकडे आहेत. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरायला लागलं तेव्हा कॉम्प्युटर नंतर हलवले, आधी या कॅसेटचे खोके पोटमाळ्यावर चढवले. लोकांच्या घरातल्या आठवणी आहेत त्या, माझ्या विश्वासावर ठेवलेल्या. आता त्यांना बुरशी धरायच्या आत त्या कॉम्प्युटरवर घ्यायचं काम मी काढलं आहे. एक तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो आणि साधारण तेरा जीबी जागा जाते. त्यामुळे हे काम दुसऱ्याच्या दुकानात बसून होण्यासारखं नाही.

या कॅसेटचे कॅमेरे (डीव्ही कॅमेरे) फायरवायर नावाच्या जुन्या जोडणीने कॉम्प्युटरला व्हिडिओ देतात आणि माझ्या नव्या कॉम्प्युटरला फायरवायर पोर्ट नाही. म्हणून १८ नोव्हेंबरला आपल्या संकेतस्थळावरून ६४९ रुपयांचा हा अडॅप्टर मागवला. एका टोकाला कॅमेऱ्यात बसणारी चार पिनांची फायरवायर पिन, दुसऱ्या टोकाला साधी यूएसबी. डीव्ही कॅमेरा थेट यूएसबीला जोडा, ड्रायव्हर (कॅमेरा ओळखणारं सॉफ्टवेअर) लागत नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं.

पहिली कॅसेट लावली ती कवठेमहांकाळच्या एका ताईंच्या लग्नाची, २००४ सालची. त्यांचे वडील मागच्या वर्षी गेले. त्या लग्नात शेवटची मंगलाष्टका वडिलांनी स्वतः म्हटली होती आणि तो आवाज दुसरीकडे कुठेही नाही. अडॅप्टर जोडला, कॅमेरा सुरू केला, कॉम्प्युटरला काहीच दिसेना. पोर्ट बदलून पाहिलं, दुसरा कॉम्प्युटर लावून पाहिला. तेच.

आपल्या हेल्पलाइनला तीनदा फोन केला. पहिल्यांदा ड्रायव्हर अपडेट करायला सांगितलं. दुसऱ्यांदा कॅमेरा जुना आहे म्हणाले. तिसऱ्यांदा एका साहेबांनी समजावलं, की फायरवायरचा वेग ४०० मेगाबिट आणि यूएसबी २.० चा ४८०, म्हणजे यूएसबी वरचढच आहे, मग चाललंच पाहिजे. या उत्तराचा मला सगळ्यात जास्त राग आला, कारण आकडे खरे आहेत आणि निष्कर्ष साफ चुकीचा आहे. डीव्हीच्या चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट पुरतात. प्रश्न वेगाचा नाहीच. यूएसबीमध्ये कॉम्प्युटर मालक असतो, तो विचारेल तेव्हाच जोडलेलं उपकरण बोलतं. फायरवायरमध्ये दोन्ही बाजू बरोबरीच्या, आणि व्हिडिओसाठी ठरावीक वेळ आधीच राखून ठेवलेला असतो, म्हणून फ्रेम गळत नाही. दोघांची बोली वेगळी आहे. मध्ये दुभाष्या म्हणून चिप लागते आणि तिला समजणारं सॉफ्टवेअर लागतं. नुसत्या तारेने हे होत नाही.

तरी खात्री करावी म्हणून मी अडॅप्टरचं प्लास्टिक कटरने उघडलं. आत चिप नाही, सर्किट नाही. चार बारीक तारा, लाल, पांढरी, हिरवी, काळी, या टोकापासून त्या टोकाला झाळून टाकलेल्या. मल्टिमीटर लावला. यूएसबीची लाल तार, जिच्यातून पाच व्होल्ट येतात, ती कॅमेऱ्याकडच्या एका पिनेला जोडलेली निघाली. चार पिनांच्या फायरवायरमध्ये विजेची पिनच नसते. त्या चारही पिना सिग्नलच्या, दोन जोड्या. म्हणजे जितका वेळ मी हा अडॅप्टर लावून बसलो होतो, तितका वेळ कॅमेऱ्याच्या सिग्नलच्या पिनेत सरळ पाच व्होल्ट जात होते.

दिवाळीआधी मिरजेच्या एका मित्राच्या कॉम्प्युटरवर याच कॅमेऱ्यातून मी दोन कॅसेट व्यवस्थित उतरवल्या होत्या. त्याच्याकडे कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, पीसीआय एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड आहे. अडॅप्टरनंतर तोच कॅमेरा, तीच केबल, तेच कार्ड, आणि कॅमेरा ओळखला जात नाही. दुसरा कॅमेरा मागून आणून लावला तर लगेच चालला. कॉम्प्युटरवर प्लेचं बटण दाबलं आणि कॅमेऱ्यातली कॅसेट आपोआप फिरायला लागली. फायरवायर जोडणी अशी चालते. माझ्या कॅमेऱ्याचा डीव्ही पोर्ट गेला आहे. त्यावर यूएसबीचाही पोर्ट आहे, पण त्यातून फक्त मेमरी कार्डवरचे फोटो येतात, कॅसेटवरचा व्हिडिओ नाही. असा कॅमेरा आता नवीन मिळत नाही. ॲपलनेही आपल्या कॉम्प्युटरच्या २०२५ च्या मॅकओएस टाहो या प्रणालीपासून फायरवायरचा आधार काढून घेतला. आहेत ती यंत्रं जपण्यावरच आमचं सगळं काम उभं आहे.

आपल्याकडे याच वस्तूचा सहा पिनांचा प्रकारही विक्रीला आहे. तो जास्त धोक्याचा आहे. सहा पिनांच्या फायरवायरमधून तीस व्होल्टपर्यंत वीज येऊ शकते आणि यूएसबी पाच व्होल्टची. कुणाचा मदरबोर्ड जळायच्या आत तो आजच काढा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

खोबणीत पिन बसली म्हणजे जोडणी झाली, असं गिऱ्हाइकाला वाटतं आणि त्यात त्याची चूक नाही. टाइप-सीचंही तसंच. तोंड एकच, पण आत यूएसबी २.० ची ४८० मेगाबिटची तारही असते आणि यूएसबी ४ ची ४० गिगाबिटचीही. आत कोणतं मानक आहे, हे पाकिटावर छापणं विकणाऱ्याचं काम आहे.

माझं म्हणणं इतकंच आहे. ६४९ रुपये परत मिळावेत. कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च, आणि दुरुस्ती झाली नाही तर त्याच प्रकारच्या चालू स्थितीतल्या कॅमेऱ्याची किंमत मिळावी. दोन्ही अडॅप्टर विक्रीतून काढावेत आणि ज्यांनी ते आधी घेतले आहेत त्यांना न वापरण्याबद्दल कळवावं. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात होणं बंधनकारक आहे. तसं झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दोषपूर्ण वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्ही मुद्द्यांवर मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

उघडलेला अडॅप्टर मी जपून ठेवला आहे. आपला माणूस पाठवलात तर त्याच्यासमोर पुन्हा मल्टिमीटर लावून दाखवतो. ताईंची कॅसेट मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर उतरली, वडिलांचा आवाज त्यांना मिळाला. बाकीच्या कॅसेट अजून खोक्यात आहेत आणि तो कॅमेरा मला महिनाअखेरीस परत करायचा आहे.

आपला,
एक स्टुडिओचालक ग्राहक, सांगली

सोबत : बिलाची प्रत, उघडलेल्या अडॅप्टरचे तीन फोटो, हेल्पलाइनच्या तिन्ही तक्रार क्रमांकांची नोंद