नशेचा आकडा दार वाजवून मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरमधल्या नशेवरची आपली बातमी वाचली. तिच्यातला व्यसनींचा आकडा आला कुठून, ते मात्र बातमीत कुठेच नाही. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवल्याची ही खोड, दुसरं काय!

मागे आमच्या गल्लीत एक मुलगी पाहणीचा फॉर्म घेऊन आली होती. समोरच्या वहिनींना तिनं विचारलं, "घरात कोणी गांजा, ब्राऊन शुगर घेतं का?" वहिनी दारात, सासरे ओटल्यावर. "छे गं बाई! आमच्याकडे कोणी सुपारी खात नाही." मुलीनं फुली मारली. धाकटा त्याच आठवड्यात नशामुक्ती केंद्रातून परतला होता, सगळ्या गल्लीला ठाऊक. आणि पुलाखाली पिशवीत पंक्चरचं सोल्यूशन ओतून हुंगणाऱ्या पोराला तर दारच नाही.

एम्सच्या 2019च्या राष्ट्रीय अहवालात म्हणूनच दोन लाख घरांच्या पाहणीवर भागवलं नाही. 135 जिल्ह्यांत 72 हजारांवर व्यसनी माणसं वेगळी गाठली, एकाच्या ओळखीनं दुसरा, दुसऱ्याच्या ओळखीनं तिसरा.

शहरापुरतं करायचं तर दोन याद्या घ्याव्यात. समजा, नशामुक्ती केंद्राच्या यादीत इंजेक्शन घेणाऱ्यांची 200 नावं, त्यांना वापरलेल्या सुया बदलून नव्या देणाऱ्या संस्थेच्या यादीत 150, आणि दोन्हींत सापडली 30. म्हणजे संस्थेच्या माणसांपैकी केंद्रापर्यंत पोचला पाचातला एक. तेच प्रमाण शहराला लावलं, तर केंद्रातले 200 म्हणजे पाचवा हिस्सा, आणि इंजेक्शन घेणारे एकूण साधारण 1000. तळ्यातले मासे असेच मोजतात: काहींना खूण करून सोडायचं, पुन्हा जाळं टाकायचं नि खुणेचे किती सापडले ते बघायचं.

पण माणूस मासा नव्हे. संस्थेचाच कार्यकर्ता पोरांना केंद्रात नेऊन सोडत असेल, तर सामाईक नावं वाढतात नि उत्तर खाली येतं. उलट "राजू, वय अंदाजे 20" असे नोंदलेले दहा राजू जुळलेच नाहीत, तर आकडा फुगतो. घरात बसून झोपेच्या गोळ्या गिळणारा तर या हिशेबात येतच नाही.

तेव्हा पुढचा आकडा छापाल तेव्हा तो कुठल्या याद्यांवरून काढला, एवढी एक ओळ खाली द्यावी. याद्या जुळवायला माणूस हवा असेल तर मी फुकट बसेन. नावं मात्र झाकून द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
रामबाग, इंदूर