नवाचा आकडा आणि गोल्डफिशचे हाल

संपादक महोदय,

दिवाणखान्यात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवल्यास घरात बरकत येते, हा फेंगशुईतून आलेला आणि आता वास्तुशास्त्राच्या नावावर खपणारा समज शोभेच्या माशांच्या विक्रेत्यांच्या चांगलाच पथ्यावर पडला आहे. कुणाच्या श्रद्धेवर वाद घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु हे नऊ मासे बहुधा दोन फुटी टाकीत कोंबले जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

दोन फूट लांब आणि एक-एक फूट रुंद व उंच अशा टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी मावते. एका गोल्डफिशला निदान ४० लिटर पाणी असावे, असे जाणकार सांगतात. त्या हिशेबाने नवांना ३६० लिटर लागेल. हा मासा खादाड असून त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया सतत पाण्यात उतरत असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. मात्र नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि दर रविवारी सगळे पाणी ओतून स्पंज नळाखाली खळखळून धुणाऱ्या घरात ते कधीच टिकत नाहीत. त्याऐवजी आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीन घालवून मगच ओतावे आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. मासा मेला की ‘घरावरचे संकट त्याने अंगावर घेतले’ असे समजावून दुसरा विकला जातो, हे विक्रीकौशल्य मात्र मानले पाहिजे.

संगतीकडे तर कुणाचेच लक्ष नसते. नवातला तो काळा मासा बहुधा ब्लॅक मूर असतो. त्याचे डोळे बाहेर आलेले, नजर अधू आणि पोहणे संथ. त्याच्याबरोबर सडपातळ, चपळ कॉमेट जातीचे गोल्डफिश सोडले तर खाद्य त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मूर, ओरांडा आणि रांचू हे गोल अंगाचे गोल्डफिश एकत्र नांदू शकतात, कॉमेटला मात्र वेगळी व मोठी टाकी द्यावी. टायगर बार्ब जातीचे मासे इतरांच्या लांब शेपट्या कुरतडतात. एंजल फिशला २५ ते २८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते, तर गोल्डफिशला त्याहून थंड, १८ ते २२ अंशांचे. त्यामुळे एकाच टाकीत दोघांपैकी एकाचे हाल ठरलेलेच.

सर्वांत खटकतो तो ‘काच साफ करतो’ म्हणून सोबत दिला जाणारा सकर मासा. शेवाळ कमी पडले की तो संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून त्यावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो आणि तेथे जखम होऊन संसर्ग होतो. बोटाएवढा आणलेला हा मासा पुढे फूटभर वाढतो आणि घरात मावेनासा झाला की जवळच्या तलावात सोडून दिला जातो. उजनी जलाशयातील मच्छीमार ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि ज्याच्या काटेरी परांनी त्यांची जाळी फाटतात, तो याच कुळातला.

विक्रेत्यांनी प्रत्येक टाकीवर त्या माशाची पूर्ण वाढलेली लांबी, त्याला लागणारे पाणी आणि चालणारे सोबती मराठीत लिहून लावावेत, अशी विनंती आहे. नकोसा झालेला मासा ग्राहकांनी तलावात किंवा विहिरीत न सोडता दुकानातच परत द्यावा आणि दुकानदारांनीही तो नाकारू नये.

– एक मत्स्यप्रेमी वाचक, ठाणे